फुटाळ्याची सवय आणि तीर्थनचा ट्राउट

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचे एक गृहस्थ मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरच्यांबरोबर पाच दिवस हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जाणार आहेत. फुटाळा, अंबाझरी आणि रामटेकजवळचा खिंडसी इथे कणकेच्या गोळीने रोहू, चिलापी काढायचा त्यांना चांगला सराव आहे. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा मात्र कधी पाहिलेला नाही. घरातला जुना आठ फुटी फायबरचा रॉड चालेल का, आमिष काय लावायचं, किती वाजता बसायचं, लायसन्स लागतं का, हे चार प्रश्न. जाता जाता पाचवा: विदर्भातल्या एखाद्या तलावात ट्राउट सोडता येईल का?

पाचव्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. नाही, सोडता येणार नाही. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. १८ च्या वर त्याचं खाणं मंदावतं, २० च्या वर तो नुसता तग धरून असतो आणि २५ च्या आसपास मरतो. नागपुरात मे महिन्यात तलावाचं वरचं पाणी ३० च्या घरात असतं. दुसरी अडचण प्राणवायूची. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आपली मरळ वर येऊन हवा घेते म्हणून चिखलातही उन्हाळा काढते. ट्राउटला ती सोय नाही.

थंड पाणी आणि भरपूर प्राणवायू लागतो म्हणून तो वाहत्या, दगडांवर आपटत जाणाऱ्या पाण्यात राहतो, आणि इथेच फुटाळ्याची सवय उलटी पडते. तलावात मासा फिरतो आणि माणूस बसतो. डोंगरातल्या नदीत मासा बसतो आणि माणसाने फिरायचं असतं. तलावात आमिषाचा वास पसरतो, मासा शोधत येतो. नदीत ट्राउट एक जागा धरून, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, आणि प्रवाह जे वाहून आणेल त्यातलं वेचून खातो. तो वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालतो. म्हणून कणकेची गोळी विसरा. एक तर ती त्या पाण्यात अर्ध्या मिनिटात विरघळते, आणि विरघळली नाही तरी खाद्य म्हणून त्याला ती ओळखीची नाही. गांडूळ तो खातो, पण गिळून टाकतो. गळ पोटात गेला की मासा सोडण्याजोगा राहत नाही. तेव्हा ‘किती वाजता बसायचं’ या प्रश्नाचं उत्तर असं, की बसायचंच नाही.

लायसन्स लागतं. ते राज्याच्या मत्स्य विभागाकडून मिळतं आणि दिवसावर मिळतं. दिवसाला किती मासे ठेवता येतात आणि किमान किती लांबीचे, हे त्याच्या अटींत असतं. ते वाचूनच पुढे जा. तिथल्या होमस्टेवाल्यांना लायसन्स कुठे काढायचं हे माहीत असतं. ‘कोणी विचारत नाही हो’ असं म्हणणाराही एखादा भेटेल. त्याचं ऐकू नका. ट्राउटच्या पाण्यात मासेमारी फक्त रॉड आणि दोरीने. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर विणीचा हंगाम म्हणून हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते, मे उघडा आहे. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वर चालत गेलं की पुढे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. २०१४ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. हद्दीच्या आत गळ टाकायचा नाही.

हा मासा मुळात तिथला नव्हे, हेही माहीत असलेलं बरं. १९०० च्या सुमारास फ्रँक मिचेल यांच्या खटपटीने स्कॉटलंडहून तपकिरी ट्राउटची अंडी काश्मीरला आली आणि रुजली. कुलूच्या बाजूला १९०९ मध्ये सुरुवात झाली. दुसरा, इंद्रधनुषी (रेनबो) ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. तीर्थनमध्ये बहुतेक तपकिरीच लागेल: पिवळसर अंग, काळे ठिपके, आणि मधून मधून फिकट कडी असलेले लाल ठिपके. इंद्रधनुषीच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो आणि शेपटीवरही काळे ठिपके असतात. तिसराही एक लागेल, खाली वळलेलं तोंड आणि अगदी बारीक खवले असलेला. त्याला लोक स्नो ट्राउट किंवा असेला म्हणतात, पण तो ट्राउट नव्हेच, आपल्या रोहूच्या कुळातला आहे आणि तिथला मूळ रहिवासी आहे. तो लागला तर सोडून द्यावा, हे माझं मत. बाहेरून आलेल्या ट्राउटने त्याची जागा आधीच बरीच घेतली आहे.

आता वेळ. मे महिन्यात वर बर्फ वितळत असतो. पहाटे पाणी सगळ्यांत कमी, निवळ आणि थंड. सात-आठ अंशही असू शकतं. इतक्या थंडीत ट्राउट सुस्त असतो. ऊन पाण्यावर आलं, पाणी नऊ-दहा अंशांच्या वर गेलं की तो खायला लागतो. पण तेच ऊन वरचा बर्फही वितळवतं आणि दुपारनंतर ते वाढीव पाणी खाली पोहोचतं, गढूळ आणि जोरात. म्हणजे तुम्हाला साधारण सकाळी आठ ते बारा एवढा चांगला वेळ मिळतो, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीचा एक तास. त्या तासात किडे पाण्यावर उतरतात आणि डोहाच्या शेपटीला, म्हणजे खालच्या उथळ टोकाला, मासे वर येताना दिसतात. माशांच्या काचटाकीत वापरतात तो साधा थर्मामीटर दोरीला बांधून बरोबर न्या. त्या एका आकड्यावर निम्मे निर्णय होतात. आठ अंशांच्या खाली असेल तर चहा प्या आणि तासाभराने या. तीर्थनचं पाणी ब्यास किंवा पार्वतीपेक्षा लवकर निवळतं, म्हणून जागेची निवड चांगली केली आहे. मोकळीक असती तर एप्रिलचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सुचवलं असतं. जुलै-ऑगस्टला मात्र जाऊच नका. जुलै २०२३ मध्ये ब्यास खोऱ्यात पुराने काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे.

पाणी वाचायला शिकणं हे खरं काम, तिथे थोडा वेळ घालवू. नदीत पडलेला एक दगड घ्या, स्कूटरएवढा. प्रवाह त्याच्यावर आपटतो तिथे, दगडाच्या पुढ्यात, पाण्याची एक मऊ गादी तयार होते. पाणी दोन बाजूंनी फाटतं आणि दगडामागे जवळजवळ थांबलेलं, उलटं फिरणारं पाणी राहतं. या थांबलेल्या पाण्यात आणि बाजूच्या वेगवान धारेत एक रेघ दिसते. फेसाचे बुडबुडे त्या रेघेवरून ओळीने जातात. बुडबुडे जिथून जातात तिथूनच किडेही जातात. ट्राउट त्या रेघेच्या आतल्या, संथ बाजूला तळाशी उभा असतो. ताकद खर्च न करता ताटावर नजर ठेवून, म्हणा ना. एक घास दिसला की धारेत झेप, की परत जागेवर. दगडाच्या पुढ्यातल्या गादीवरही मासा असतो आणि बऱ्याचदा तोच मोठा असतो. नवखे तिथे टाकतच नाहीत. दगडामागच्या अगदी मधल्या, फेस गोल फिरत राहणाऱ्या पाण्यात मात्र सहसा काही नसतं, आणि नवखे नेमके तिथेच टाकतात.

वरून खाली पाहिलं तर नदीचे तुकडे पडतात: उथळ खळखळाट, त्यानंतर गुडघा-मांडीभर खोलीची एकसारखी धाव, मग डोह, आणि डोहाची उथळ होत जाणारी शेपटी. आपल्याकडचा माणूस डोह दिसला की तिथे ठाण मांडतो. डोहाचा खोल मध्य दिवसा बहुधा रिकामाच जातो. धाव जिथे डोहात उतरते ते तोंड, आणि धावेतले दगड, इथे आधी वेळ घाला. दुसरं असं, की मे महिन्यात पाणी वाढलेलं असल्याने मधली धार माशाला सोसत नाही आणि तो काठाला सरकतो. पुष्कळ लोक घोटाभर पाण्यात उभे राहून नदीच्या मध्यावर फेकत राहतात. मासा त्यांच्या पायाखालून केव्हाच निघून गेलेला असतो. पहिली फेक नेहमी काठापासून हातभर अंतरावर, कोरड्यावर उभं राहून.

मासा प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून उभा आहे, म्हणजे तुम्ही खालून वर चालत जायचं, त्याच्या शेपटीकडून. त्याला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. तो जेवढा खोल असेल त्याच्या साधारण सव्वादोनपट त्या खिडकीचा व्यास असतो आणि कडेच्या गोष्टी तिथे चपट्या दिसतात. वाकून किंवा गुडघे टेकून जवळ गेलात तर तुम्ही त्या चपट्या पट्टीत राहता. उभे राहिलात, पिवळा टीशर्ट घातलात, किंवा पाण्यावर सावली पडली तर संपलं. बोलण्याचा आवाज पाण्यात फारसा जात नाही, पण दगडावर आपटलेल्या बुटाचा धक्का जातो. पोलराइज्ड गॉगल घ्या. पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो. गॉगल खरा आहे का हे दुकानातच तपासता येतं: मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून तो नव्वद अंशात फिरवा. एका स्थितीत स्क्रीन काळवंडला तर खरा.

आता रॉड. जुना फायबरचा चालणार नाही, आणि कारण समजून घ्या. तो ५०-६० ग्रॅमचं शिसं फेकण्यासाठी केलेला आहे. फेकताना रॉड वाकला तरच ताकद दोरीत जाते. तीन ग्रॅमच्या स्पिनरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या धातूच्या आमिषाने, तो वाकतच नाही, आणि स्पिनर पाच मीटरवर पडतो. साडेसहा ते सात फुटी, २ ते १० ग्रॅम असं लिहिलेला अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉड घ्या. रील १००० किंवा २००० नंबरचं. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ०.१८ ते ०.२० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण दोन किलो ताकदीचा. तलावावर वापरतो तो ०.३५ चा तंगूस हलक्या स्पिनरला ओढून धरतो आणि निवळ पाण्यात माशाला दिसतो. रीलवर तंगूस कडेपासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरा. त्याहून कमी भरला तर कडेला घासून फेक आखूड पडते, काठोकाठ भरला तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.

स्पिनर नंबर १ आणि २, म्हणजे साडेतीन ते पाच ग्रॅमचे, आठ-दहा घ्या. पाच दिवसांत निम्मे दगडांत जातील हे धरून चाला. ढगाळ हवेला आणि गढूळ पाण्याला चंदेरी, लख्ख उन्हात निवळ पाण्याला तांब्याच्या किंवा पितळी पात्याचे. एवढा फरक पुरे. रंगांच्या पलीकडच्या सगळ्या चर्चा दुकानदाराच्या फायद्याच्या. स्पिनरला तीन तोंडांचा गळ असतो. तो काढून सहा किंवा आठ नंबरचा एकेरी गळ लावा आणि त्याचं उलटं दातं पक्कडीने चेपून टाका. चेपलं गेलं की नाही हे रुमालात टोचून बघा: धागा न ओढता बाहेर आला पाहिजे. स्पिनरच्या वर साधारण हातभरावर एक बारीक फिरकी (स्विव्हल) हवीच, नाहीतर पातं फिरतं तसा तंगूसही पिळतो. पीळ पडलाच तर टोकाचं सगळं काढून नुसता तंगूस तीस-चाळीस मीटर वाहत्या पाण्यात सोडा, दोन मिनिटं तसाच ठेवा आणि गुंडाळा. पीळ आपोआप उतरतो.

गाठ एकच शिका, पण पक्की: गळाच्या डोळ्यातून टोक ओवायचं, मूळ दोरीभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या वेढ्यातून, आणि आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन जळतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मासा लागला की तिथेच तुटतो. तुटलेलं टोक बघून चूक कळते. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली. खरखरीत किंवा तिरपं कापलेलं असेल तर दगडाला घासलं. गाठीपासून दूर मधेच तुटलं असेल तर तंगूसात नकळत साधी गाठ पडलेली होती. तिने ताकद जवळजवळ निम्मी होते. दर अर्ध्या तासाने शेवटचा वावभर तंगूस दोन बोटांतून ओढून बघा, खरखर लागली तर तेवढा कापून टाका.

स्पिनर चालवण्याची रीत. वरच्या अंगाला, तिरपी फेक. पाण्यावर पडता क्षणी गुंडाळायला सुरुवात, आणि प्रवाह स्पिनरला तुमच्याकडे आणतो त्यापेक्षा थोडंसं जलद. पातं फिरतंय याची थरथर रॉडच्या मुठीत जाणवली पाहिजे. ती नाही तर तुम्ही हळू गुंडाळता आहात आणि स्पिनर म्हणजे नुसता दगड झाला आहे. थरथर आहे पण मधून मधून टकटक तळाला लागते, ही बरोबर खोली. एका जागी पाच-सहा फेका, पहिली जवळ, पुढच्या लांब, आणि मग दहा पावलं वर. पंधरा मिनिटं एकाच दगडावर घालवणं ही फुटाळ्याची सवय. ट्राउटला खायचं असेल तर तो पहिल्या दोन-तीन फेकींत खातो.

फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसां-केसांच्या नकली किड्याने मासा धरण्याचं काय, असं पुढे कोणी विचारेलच. पाच दिवसांच्या पहिल्या सहलीसाठी फ्लायचा सगळा संच घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. त्यात वजन गळाला नसतं, जाड दोरीलाच असतं. दोरी मागे पूर्ण उलगडू देऊन मग पुढे न्यायची असते. हा ताल हाताला बसायला महिना जातो. मधला मार्ग आहे. त्याच स्पिनिंग रॉडवर पारदर्शक प्लास्टिकचा बबल फ्लोट, अर्धा पाण्याने भरलेला, आणि त्याच्यामागे मीटरभर ०.१५ चा तंगूस, टोकाला फ्लाय. संध्याकाळच्या तासाला मासे वर उठत असताना स्पिनर वाया जातो, तेव्हा हीच युक्ती चालते. फ्लाय १४ किंवा १६ नंबरच्या ठेवा: वर तरंगणारी एल्क हेअर कॅडिस, बुडणारी फेझंट टेल आणि हेअर्स इअर, प्रत्येकी तीन-चार.

कुठली लावायची हे नदीच सांगते. उथळ पाण्यातला तळहाताएवढा दगड उचला आणि खालची बाजू बघा. चपट्या अंगाचा, बहुधा तीन शेपट्यांचा, खेकड्यासारखा तिरपा पळणारा बारीक किडा म्हणजे मेफ्लाय या नदीकिड्याची अळी; फेझंट टेल लावा. रेतीच्या कणांची किंवा काटक्यांची छोटी नळी दगडाला चिकटलेली असेल तर आत कॅडिस नावाच्या किड्याची अळी आहे, संध्याकाळी कॅडिसची फ्लाय चालेल. दोन शेपट्या आणि जाडसर अंग असेल तर स्टोनफ्लाय या किड्याची अळी; तिच्यासाठी आकाराने थोडी मोठी हेअर्स इअर चालते. दगड होता तसा, त्याच तोंडाने परत ठेवा.

तरंगणाऱ्या फ्लायमध्ये बिघडतं ते एकाच गोष्टीने. फ्लाय संथ पाण्यात आणि दोरी धारेत असली की दोरी पुढे जाते, फ्लायला ओढते आणि पाण्यावर होडीमागे उठते तशी बारीक व्ही उमटते. कुठलाही किडा असा पळत नाही. मासा पाहतो आणि सोडून देतो. उपाय म्हणजे रॉड उंच धरून जास्तीत जास्त दोरी पाण्याबाहेर ठेवा आणि फेक आखूड ठेवा, सात-आठ मीटर. लांब फेकण्याचा मोह डोंगरी नदीत महागात पडतो.

मासा लागल्यावर रॉड एकदम हिसकू नका, तो दोन किलोचा तंगूस आहे. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला तंगूस सुटावा तो ताण, आधीच लावून ठेवा. तंगूसाच्या ताकदीच्या पाव हिश्श्याला तो सुटायला हवा, म्हणजे अर्धा किलो. वजनकाटा लागत नाही: अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली तंगूसाला बांधा आणि रॉड बाजूला ठेवून सरळ रीलवरून उचला. बाटली जेमतेम उचलली जाऊन तंगूस कुरकुरत सुटायला लागला की ड्रॅग बरोबर. हे नागपुरात घरीच करून जा. मासा धारेत शिरून खाली पळाला तर काठाने त्याच्याबरोबर चालत खाली जा. प्रवाहाविरुद्ध ओढलात तर मासा आणि नदी अशा दोघांशी झुंजता आहात. तीर्थनचे बहुतेक मासे वीत-दीड वीत असतात, पण त्या पाण्यात तेवढाही हात भरून देतो.

सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवून ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यांत बोट घालायचं नाही, काठावरच्या दगडावर ठेवायचं नाही. गळ पाण्यातच पक्कडीने काढा. फोटो हवा असेल तर मोबाइल आधी तयार ठेवून मग उचला. पाण्याबाहेर दहा सेकंदांच्या आत. परत सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली नुसता आधार देऊन धरा आणि तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत थांबा. पाणी १८ अंशांच्या वर असेल त्या दिवशी मासेमारी थांबवा; सोडलेला मासा पोहत गेला तरी तासाभरात मरू शकतो. मे महिन्यात वरच्या अंगाला ही वेळ सहसा येत नाही. आणि एखादा ठेवलाच, तर नियमात बसणारा ठेवा आणि लगेच साफ करा. खवले इतके बारीक असतात की खरवडायची गरज नाही. मीठ, थोडं लोणी, मंद तवा. सावजी मसाला त्याच्यावर घालू नका. मसाल्याचा दोष नाही, पण त्याच्याखाली ट्राउट आहे की चिलापी हे कोणालाच ओळखू येणार नाही.

सुरक्षिततेबद्दल. नागपूरच्या ४५ अंशांतून गेलेल्या माणसाला ते पाणी पहिल्यांदा मजेचं वाटतं. आठ अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात, आणि एकदम पडलात तर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर त्यानेच घात होतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, काठी घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि ओलांडायचंच असेल तर प्रवाहाच्या दिशेने तिरपं, काठी वरच्या अंगाला टेकवत, एका वेळी एकच पाय उचलून. हवाई चप्पल आणि गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज घसरतात. जाड लोकरी मोजे आणि खडबडीत तळाचे जुने बूट बरे. पाण्याच्या कडेला एका दगडावर खूण करून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बघा. पाणी चार बोटं चढलं किंवा त्याचा रंग राखाडी झाला तर सामान गोळा करायचं, आणखी एक फेक नाही. खाली औट, लारजी, थलौट या पट्ट्यात धरणाचं पाणी कधीही वाढतं. जून २०१४ मध्ये थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते नदीत मासे धरत नव्हते, दगडांवर उभे राहून फोटो काढत होते. घरच्या मुलांना हे जाण्याआधी सांगा. औट बोगद्याच्या अलीकडे उतरून बंजारच्या रस्त्याला लागलात की पहिला नदीकाठ हाच दिसतो, आणि तो फार देखणा आहे.

सरोवराचं थोडक्यात, कारण तुमच्या मार्गावर नाही. काश्मीरमधली विशनसर, गंगाबल किंवा उत्तराखंडातला दोडीताल इथेही ट्राउट आहे, आणि तिथे तुमचा तलावाचा अनुभव अर्धा तरी कामाला येतो, कारण साठलेल्या पाण्यात ट्राउटही फिरतो. ओढा जिथे आत येतो ते तोंड, उथळ तळ एकदम निळाभोर होतो ती कड, आणि वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ, या तीन जागा. पाच-सात ग्रॅमचा चमचा (स्पून, म्हणजे धातूच्या पत्र्याचं आमिष) फेकून मनात आकडे मोजत बुडू द्या, पाचवर एकदा, दहावर एकदा, पंधरावर एकदा. ज्या आकड्यावर मासा लागला तीच खोली त्या दिवशी धरून ठेवा. काश्मीरमध्ये परवाना नदीच्या ठरावीक टप्प्याचा, म्हणजे बीटचा, मिळतो, तेव्हा तिथे आधी ठरवून जावं लागतं.

जाण्याआधी दोन-तीन आठवडे सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर सराव करा. गळ काढून टाकलेला स्पिनर, दहा मीटरवर घमेलं, आणि वीसपैकी किती आत पडतात ते मोजा. बाजूने, हात खाली ठेवून फेकण्याचा सराव जास्त करा, कारण तीर्थनच्या काठावर डोक्यावर झाडांच्या फांद्या येतात. वीसपैकी बारा घमेल्यात पडायला लागले की तुम्ही तयार आहात. फुटाळा, अंबाझरीवर खऱ्या गळाने सराव करायचा असेल तर तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून करा.

रॉड आणि गळ विमानात केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इन सामानात टाका. रेल्वेने जाणार असाल तर दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्ही टोकांना झाकणं लावून रॉडसाठी उत्तम डबा होतो. परत आल्यावर बूट, मोजे, जाळी साबणाच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, म्हणजे एका नदीतलं शेवाळ आणि रोग दुसऱ्या पाण्यात जात नाहीत. ऊन आपल्याकडे भरपूर आहेच. पण रील त्या उन्हात ठेवू नका, आणि मे-जूनमध्ये कारच्या डिकीत तर नाहीच. नायलॉन उष्णतेने ठिसूळ होतो आणि दिसायला नव्यासारखाच राहतो. पुढच्या सहलीआधी वावभर तंगूस हातांनी झटका देऊन तोडून बघा. सहज तुटला तर सगळा बदला.